चौदाव्या दिवसाचा शिरा

रेणुका व्यंकटी जोंधळे नांदेडात रक्त काढायची. सकाळी सहा ते दहा लोकांच्या घरी जाऊन, त्यानंतर लॅबमध्ये. जानेवारीतल्या एका बुधवारी सकाळी ती अपघातात गेली. वय पंचवीस. त्या दिवशी तिचा स्टीलचा तीन खणी डबा मृण्मयीच्या टेबलावर होता. वरचे दोन खण रिकामे झाले होते. खालच्या खणात रेणुकाच्या आईनं केलेली शेंगदाण्याची चटणी अर्धी उरली होती.

तो डबा तिच्या आईला नेऊन द्यायचा होता. काम एवढंच. मृण्मयीला ते चौदा दिवस जमलं नाही.

दोघींची गाठ लातुरात पडली होती. दहावीनंतर मराठवाड्यातली हुशार पोरं क्लासेससाठी लातूरला जातात, तशा दोघी गेल्या. मृण्मयी नांदेडची. वडील माधवराव जिल्हा परिषदेत लिपिक, आई विमलबाई शाळेत गणित शिकवायच्या. पोरगी डॉक्टर होणार हे घरात आधीच ठरलेलं. रेणुका लोह्यापासून बारा किलोमीटर आतल्या एका गावची. वडील व्यंकटी दुसऱ्याच्या शेतात रोजानं जायचे. आई चांगुणा गावच्या अंगणवाडीत मदतनीस. म्हणजे पोरांना घराघरातून गोळा करून आणायचं, खिचडी शिजवायची, भांडी घासायची. वसतिगृहाच्या एका खोलीत चार पोरी होत्या. रेणुकाची कॉट खिडकीखाली, मृण्मयीची तिला लागून.

पहिल्या दिवशी रेणुकानं विचारलं, "नाव काय म्हणालीस?"

"मृण्मयी."

"पुन्हा सांग."

"मृण्मयी."

"माझ्या आईला हे न्हाई जमायचं. मी मिरे म्हणते."

तेव्हापासून ती मिरे झाली. पुढं गावाकडं मिरी.

डबा रेणुकाला गावानं दिला होता. दहावीला ती तालुक्यात चौथी आली. गावच्या जयंती उत्सव समितीनं विहारासमोर तिचा सत्कार केला. शाल, वही आणि हा डबा. झाकणावर मशीननं नाव कोरलेलं. लोह्याच्या भांडेवाल्यानं 'कु. रेनुका' असं घातलं होतं. मृण्मयीला ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा तिनं 'ण' चुकल्याचं दाखवून दिलं.

"आमच्या गावात ण म्हणतंय कोण," रेणुका म्हणाली. "बरोबरच हाय ते."

वसतिगृहाची मेस वाईट होती. दर गुरुवारी चांगुणाबाई डबा भरून गावच्या दूधवाल्याबरोबर लोह्याला धाडायच्या. तिथून तो लातूरच्या एसटीत ड्रायव्हरच्या सीटमागं. दोघी स्टँडवर जाऊन घेऊन यायच्या. संध्याकाळच्या गाडीनं तो परत जायचा, पण रिकामा कधी नाही. भावासाठी जुन्या प्रश्नपत्रिका, केळी, आईसाठी डोकेदुखीचा बाम. एकदा काहीच नव्हतं, तर रेणुकानं मेसच्या मागचा कढीपत्ता तोडून तिन्ही खणांत दाबून भरला.

बारावीच्या वर्षी दिवाळीआधी मृण्मयी भौतिकशास्त्राच्या सलग सहा चाचण्यांत नापास झाली. घरी सांगायची हिंमत होत नव्हती. एका दुपारी रेणुकानं तिचा फोन उचलला आणि सरळ माधवरावांना लावला.

"काका, मी रेणुका. हिच्या खोलीतली. हिला फिजिक्स येत न्हाई. येणार बी न्हाई. ही नोट्सखाली कादंबरी ठेवून वाचून राहिली. उगं वर्ष घालवू नका हिचं."

माधवराव म्हणाले, "आणि तुला येतं का फिजिक्स?"

"मला बी लई न्हाई येत, काका. पण मी नापास होत न्हाई."

मृण्मयी नांदेडला परतली. बी. ए. झाली, मराठीत एम. ए. झाली. आपल्या आयुष्याला वळण कुणी दिलं, असं कुणी विचारलं असतं तर तिनं त्या चार वाक्यांच्या फोनकडं बोट दाखवलं असतं. कुणी विचारलं नाही.

रेणुकाला प्रवेश परीक्षेत गुण कमी पडले. पुन्हा वर्षभर बसायला ती तयार नव्हती. नांदेडात लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केला आणि नोकरीला लागली. धाकटा भाऊ रविकांत आयटीआयला आला, तेव्हा दोघांनी मिळून एक खोली घेतली. डॉक्टर न झाल्याचं दुःख तिनं फार बाळगलं नाही. "डॉक्टर नुसता कागदावर लिहितो," ती म्हणायची. "शीर तर आपणच शोधतो."

शीर शोधण्यात तिचा हात चांगला होता. म्हाताऱ्या माणसांच्या शिरा पळतात, दिसतात एकीकडं आणि सुई लावली की सरकतात. रेणुका रबरी पट्टा बांधायची, दोन बोटांनी हलकं दाबत विचारायची, "काल जेवायला काय होतं, आजोबा?" म्हातारा आठवायला लागायचा. भाकरी, वरण, आणि ते हे, काय म्हणतात त्याला. तो वांग्यापर्यंत यायच्या आत सुई बाहेर आलेली असायची.

आणखी एक तिचा नियम होता. नळीवर नाव समोरच लिहायचं आणि ते माणसाच्या तोंडून पूर्ण ऐकल्याशिवाय लिहायचं नाही. विमलबाईंची साखर ती दर तीन महिन्यांनी तपासायची. सात-आठ वर्षांची ओळख. तरी दर वेळी तेच.

"नाव सांगा, काकू."

"अगं, मी विमल."

"पूर्ण."

विमलबाई हसत हसत पूर्ण नाव सांगायच्या. शाळेत हजेरी देतात तसं.

दर रविवारी ती गावी जायची. सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. त्या सोमवारी संध्याकाळी ती लॅबमधून थेट मृण्मयीकडं आली. स्कूटी चालूच ठेवून फाटकातून डबा पुढं केला.

"घे. आईनं मुद्दाम तुझ्यासाठी धाडलंय. करडईची भाजी हाय, भाकरी हायत, खाली चटणी."

"आत तरी ये."

"न्हाई, रव्या उपाशी बसलाय. तू नेटच्या परीक्षेपायी वाळून चाललीस, खा जरा. आणि डबा दे लवकर. मागल्या बारीला तुझ्या आईनं बेसनाचे लाडू घातले होते, आई अजून नाव काढते. ह्या बारीला न्हाई घातले तरी चालतंय."

"म्हणजे घालायचे."

"म्हंजी घालायचे."

स्कूटी गेली.

बुधवारी तिला विष्णुपुरीकडं चार घरं होती. धुकं होतं. परतताना लातूर रस्त्यावर उसाची एक ट्रॉली कडेला उभी होती. पंक्चर. मागं ना दिवा, ना लाल पट्टी, ना एखादा दगड. हेल्मेट होतं. त्याचा उपयोग झाला नाही.

नमुन्यांची पेटी शाबूत राहिली. लॅबवाल्यांनी ती दुपारी नेली आणि त्या चौघांचे रिपोर्ट संध्याकाळी गेले. काम थांबवता येत नाही. रिपोर्टवर नमुना घेणाऱ्याचं नाव छापतात. तिथं तिचंच होतं.

मृण्मयीला लॅबमधल्या एका मुलीनं एक वाजता कळवलं. तोवर सरकारी दवाखान्यातून रेणुकाला गावी नेलं होतं. चार वाजता अंत्यविधी होता. लोह्याची बस पाऊण तासात पोचते, पुढं रिक्षा मिळते. वेळ होता. मृण्मयी पायात चप्पल घालून बाहेरच्या खोलीत बसून राहिली. माधवराव म्हणाले, "आत्ता तिथं जाऊन आपण काय करणार? बायका काही जात नाहीत तिकडं." विमलबाई रडत होत्या. डोळे पुसून त्या म्हणाल्या, "आता त्यांच्याकडं सुतक. तेरा दिवस होऊ देत. मग आपण दोघी भेटायला जाऊ."

"बरं," मृण्मयी म्हणाली.

ती फार पटकन म्हणाली. तिला ते तेव्हाच जाणवलं. रीत पुढं आली आणि तिला सुटल्यासारखं वाटलं. तेरा दिवस तिला चांगुणाबाईंच्या समोर उभं राहायचं नव्हतं. तिनं चप्पल काढली.

शुक्रवारी सकाळी ती चहा गाळत होती. ओट्यावरचा फोन थरथरला. पडद्यावर नाव आलं: रेणुका. आणि बाजूला तिचा फोटो, गॉगल लावलेला. व्हॉट्सॲपवर काहीतरी आलं होतं. मृण्मयीनं फोन पालथा घातला. चहा ओट्यावर सांडला होता, तो पुसला. रविकांतनं फोन चालू केला असेल, एवढं तिला कळत होतं. तरी ते उघडायची तिची छाती झाली नाही. तिनं ते संभाषण न उघडताच बाजूला सरकवून ठेवलं.

डबा तिनं धुतला नव्हता. पुस्तकांच्या रॅकवर सर्वांत वर ठेवला होता. रोज एकदा ती कडी काढून खालच्या खणात बघायची. चटणीचं तेल सुटून कडेला जमलं होतं. ती चटणी खात नव्हती आणि टाकतही नव्हती. एम. ए.ला तिनं एका पेपरात कादंबरीतल्या वस्तू प्रतीक कशा होतात यावर पंधरा गुणांचं उत्तर लिहिलं होतं. तेरा मिळाले होते. त्यातलं काहीच आता उपयोगाचं नव्हतं. डब्याला लसणाचा वास येत होता, बाकी काही नाही.

नवव्या दिवशी ती ग्रंथालयातून परतली तेव्हा डबा स्वयंपाकघरात पालथा पडलेला होता. लख्ख.

"आई, डबा कुणी घासला?"

"मी. कोण घासणार? चटणीला बुरशी आली होती. खोलीत वास सुटला होता नुसता."

"मला विचारायचं होतंस."

"त्यात काय विचारायचं? डबा लोकांचा आहे. असाच देणार होतीस त्यांना?"

"मी देणारच नव्हते."

विमलबाईंनी नळ बंद केला. मृण्मयीलाही ते स्वतःच्या तोंडून ऐकूनच कळलं होतं.

"म्हणजे?" विमलबाई म्हणाल्या.

"माझ्याकडं तिचं दुसरं काहीच नाही."

"तुझ्याकडं नाही, आणि त्या बाईकडं काय आहे गं? पोरगी गेली तिची. पोरीच्या नावाचा डबा आपण ठेवून घ्यायचा?" त्यांनी डबा सरळ केला. "चौदाव्याला जाऊ."

चौदावा मंगळवारी आला. विमलबाईंच्या शाळेत तपासणी निघाली, त्यांना रजा मिळेना. त्या पाचला उठल्या आणि शिरा केला. साजूक तुपात, काजू-बेदाणे घालून. तिन्ही खण भरले. "तेरावा झाला की गोड नेतात. तोंड गोड करायचं असतं त्यांचं. रिकामा डबा घेऊन जाऊ नये. आणि सांग, आई येणार होती, पण शाळेमुळं जमलं नाही. रविवारी येते म्हणावं."

बसमध्ये मृण्मयीनं डबा मांडीवर घेतला. शिरा गरम होता, ओढणीतूनही लागत होता. ती मनात वाक्यं जुळवत होती. काकू, हा डबा मी ठेवू का, आठवण म्हणून. आठवण हा शब्द बरा वाटेना. खूण म्हणून. ते आणखी वाईट. तुम्हाला चालणार असेल तर. लोहा येईपर्यंत तिनं सात-आठ वाक्यं करून पाहिली. सगळी निबंधातली वाटत होती.

जोंधळ्यांचं घर दोन खोल्यांचं, घरकुलातलं. दारात उन्हाला बसून एक म्हातारी सुपात तुरी निवडत होती. व्यंकटींची थोरली बहीण, सरजाबाई. मृण्मयीनं तिला एकदा पाहिलं होतं. म्हातारीला आठवत नव्हतं.

"कोण गं?"

"मृण्मयी. रेणुकाची..."

"मिरी व्हय?"

"हो."

सरजाबाईनं सूप खाली ठेवलं. तिला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"लई लवकर आलीस, बाई."

मृण्मयीनं डबा दुसऱ्या हातात घेतला.

"चांगुणा अंगणवाडीत हाय. जा तिकडं."

"कामावर?"

"मग? पुण्यानुमोदन झालं, दुसऱ्या दिवशी लागली कामाला. घरात बसून काय करावं तिनं? भिताडाला बघावं?"

"पुण्यानुमोदन झालं?"

"त्याला नऊ दिवस झाले की. मागच्या नव्हं, त्याच्या मागच्या रविवारी." म्हातारीनं सूप पुन्हा उचललं. "भंतेजी आले होते नांदेडाहून. सारा गाव होता. लॅबचे लोक बी आले होते, गाडी करून."

आतल्या भिंतीवर फोटो दिसत होता. खाली मेणबत्ती. फ्लेक्सच्या तुकड्यावर छापलेलं: कालकथित रेणुका व्यंकटी जोंधळे.

अंगणवाडी गल्लीच्या टोकाला होती. वाटेत मृण्मयी एका बंद पिठाच्या गिरणीपाशी थांबली. डबा पायरीवर ठेवला. फोन काढला आणि बाजूला सरकवलेलं ते संभाषण उघडलं. पुण्यानुमोदनाचं, श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाचं कार्ड होतं. रविवार, सकाळी अकरा वाजता, विहाराजवळ. त्याखाली रविकांतनं स्वतः लिहिलेलं: 'मिरीताई तुम्ही नक्की या. आई म्हणली दोन शब्द तुम्हीच बोलायचे. तुम्हाला बोलता येतं.'

तिनं ते दोनदा वाचलं. मग डबा उचलला, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

अंगणवाडीत वीसेक पोरं दोन रांगांत मांडी घालून बसली होती. चांगुणाबाई खिचडी वाढत होत्या. हिरवं लुगडं, वर पांढरा अ‍ॅप्रन. तो रेणुकाचा लॅबचा होता, खिशावर लॅबचं नाव होतं. त्यांनी मान वर करून बघितलं.

"आलीस? बस. पोरायचं होऊ दे."

कोपऱ्यात टेबलाशी सेविका बसली होती. शिवकांता. ती रजिस्टर भरत होती. तिनं खुर्ची पुढं सरकवली. "तुम्हीच का त्या? तुमचं नाव मीच पुकारलं होतं माईकवर. दोन बारी. पहिल्या बारीला चुकलं, म्हणून पुन्हा पुकारलं. कोण उठेना."

"चुकलं म्हंजी काय," चांगुणाबाई वाढता वाढता म्हणाल्या. "मुरूममाई म्हणली ही. भंतेजी बी बघायला लागले."

"कागदावर लिहून दिलं होतं ना रव्यानं, त्याचं अक्षर तसलं."

दोघी अगदी थोडं हसल्या. मृण्मयी हसली नाही. तिच्या मांडीवर डबा होता आणि तो आता गार झाला होता.

पोरांना एक फेरा वाढून झाला. चांगुणाबाई हात पुसत आल्या. डबा घेतला. झाकणावरून अंगठा फिरवला. कडी काढून वरचा खण उघडला.

"हे काय?"

"शिरा. आईनं केलाय. आई म्हणाली, तेरावा झाला की चौदाव्याला गोड..."

"कुणाचा तेरावा?"

मृण्मयीनं खाली बघितलं.

"आमच्यात सुतक नसतं, मिरी. तेरावं बी नसतं."

शिवकांतानं रजिस्टरातून डोकं वर काढलं आणि परत खाली घातलं.

"तुला ठाऊक न्हवतं?"

ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी मृण्मयीचे आजोबा गेले, तेव्हा तिसऱ्या दिवशी रेणुका घरी आली होती. विमलबाई म्हणाल्या होत्या, अगं, शिवू नको, सुतक आहे आम्हाला. रेणुका म्हणाली होती, मला चालतंय काकू, आमच्यात सुतक नसतं. आणि तिनं मृण्मयीच्या शेजारी बसून तिच्याच ताटात पिठलं-भाकरी खाल्ली होती. मृण्मयीला ते सगळं आठवत होतं. या चौदा दिवसांत मात्र ते एकदाही वर आलं नव्हतं.

"ठाऊक होतं," ती म्हणाली. "रेणुकानंच सांगितलं होतं. मी विसरले. म्हणजे, आई म्हणाली तेरा दिवस थांबू, आणि मला बरं वाटलं. मी भ्यायले होते."

"कुणाला?"

"तुम्हाला."

चांगुणाबाईंनी तिच्याकडं बघितलं. रागावल्या होत्या की नाही, ते कळत नव्हतं.

"आणि मेसेज?"

"तिच्या नावावरून आला होता. उघडला नाही. आज उघडला. आत्ता, गिरणीपाशी."

"मी रव्याला म्हणले होते, तिच्या फोनवरून धाडू नको. तो म्हणला, सगळ्यायचे नंबर तिच्यातच हायत." त्यांनी डबा जमिनीवर टेकवला आणि खण सुटे केले. "तुझ्यासारखे सात-आठ जण हायत. कुणी न्हाई उघडला. एकीनं तर फोनच बंद केला आठ दिवस."

रांगेतून एका पोरीनं विचारलं, "मावशी, त्यात काय हाय?"

"शिरा."

"मावशी, बाहेरचं वाटता येत न्हाई," शिवकांता म्हणाली. "रजिस्टरला काय लिहू मी?"

"खिचडी लिही. खिचडी बी दिलीच की."

"आणि कुणाचं पोट बिघडलं तर?"

"मास्तरीणबाईच्या हातचा हाय. न्हाई बिघडत."

चांगुणाबाईंनी डाव घेतला आणि दोन्ही रांगांना एकेक घास शिरा वाढला. एकानं बेदाणा काढून शेजारच्याला दिला. एकानं तो परत ताटात टाकला. थोडा शिरा उरला, तो त्यांनी शिवकांताला दिला आणि शेवटचा घास उभ्या उभ्या स्वतः खाल्ला.

"तूप लई घातलंय," त्या म्हणाल्या. "चांगला झालाय. सांग आईला."

"आई रविवारी येणार आहे."

"येऊ दे."

पोरं हात धुवायला बाहेर पळाली. चांगुणाबाई खण घेऊन नळावर गेल्या. मृण्मयी मागं गेली. खण घासून होईपर्यंत ती उभी राहिली. बसमधलं एकही वाक्य आठवत नव्हतं.

"काकू, डबा मी ठेवून घेऊ का?"

"न्हाई," चांगुणाबाई म्हणाल्या.

त्यांनी एकेक खण झटकून पाणी काढलं. आवाजात काही नव्हतं. भाजी नको म्हणावं तसं त्या म्हणाल्या होत्या.

"ह्याच्यावर तिचं नाव हाय. तिचा बाप, डबा आला की ह्यातच भाकर न्हेतो म्हणलाय शेतात. रोज इचारतो, डबा आला का, डबा आला का." त्यांनी खणावर खण बसवले आणि कडी लावली. "मी म्हणले, मिरीकडं हाय, येईल. मिरी आणून देईल. तो म्हणला, तिला फोन लाव. मी न्हाई लावला. म्हणले, तिच्या मनानं येऊ दे."

मृण्मयीला खूप वाईट वाटायला हवं होतं. तिला आधी हलकं वाटलं, मग वाईट वाटलं. डबा एका माणसाच्या रोजच्या कामाचा होता. ती तो पुस्तकांवर ठेवून रोज उघडून बघत होती.

"मी माफी..."

"ते राहू दे. बस इथं." चांगुणाबाई नळाच्या कट्ट्यावर बसल्या आणि लुगड्याला हात पुसले. "त्या दिवशी सगळे बोलले. लॅबचे साहेब बोलले, सरपंच बोलले. लई हुशार होती, लई कष्टाळू होती, गावाचं नाव केलं. खरं हाय. पण तसली पोरगी कुणाची बी असते. माझी कशी होती, ते कुणी सांगितलं न्हाई. सोळाव्या वर्षी घर सोडलं तिनं. मग नुसती रविवारची यायची. रविवारी काय कळतंय पोरगी? तिथं खोलीत कशी होती ती, मला ठाव न्हाई. तुला ठाव हाय. तू बोलायची होतीस ना? आता बोल."

मृण्मयी कट्ट्यावर बसली. काय बोलावं? रेणुका निर्भीड होती. रेणुकाचा हात हलका होता. ती वाक्यं जवळच होती आणि माईकवर शोभली असती.

"ती घोरायची," ती म्हणाली.

चांगुणाबाईंनी मान तिरपी केली. "आँ?"

"घोरायची, काकू. खूप. पहिल्या आठवड्यात बाकीच्या दोघी वॉर्डनकडं गेल्या खोली बदलून मागायला. वॉर्डन म्हणाल्या, कारण लिहून द्या. मग अर्ज मीच लिहिला, त्यांना लिहिता येईना. तो रेणुकाच्या हाती लागला. तिनं वाचला आणि म्हणाली, घोरणं शब्दाला जास्त वजन दे, नाहीतर मंजूर होणार नाही."

चांगुणाबाई हसल्या. तोंडावर पदर न घेता.

"बापावर गेली," त्या म्हणाल्या. "तो तर सारी गल्ली उठवतो. हिथं न्हवती घोरत पण. लहानपणी न्हवती."

"लातुरात घोरायची. अभ्यास करून दमायची ना. कधी कधी एकदम थांबायची, मग आम्ही तिघी जाग्या व्हायचो. काय झालं म्हणून बघायचो."

"मग?"

"मग परत सुरू."

"अर्जाचं काय झालं?"

"दिलाच नाही. तिनं त्या दोघींना गणित शिकवायला सुरुवात केली. मग त्या कुठं जातात?"

"कोणतं गणित?"

"सगळं. मला पण शिकवायची. मला यायचं नाही, तर रागावून बांगडी आपटायची कॉटवर."

"प्लास्टिकची? तांबडी?"

"हो, तांबडी."

"ती मी घेतली होती जत्रेत," चांगुणाबाई म्हणाल्या. "पुढं सांग."

मृण्मयी सांगत राहिली. वसतिगृहातला पहिला पोळा, अंघोळीच्या गरम पाण्यावरून झालेलं भांडण, स्टँडवरच्या ड्रायव्हरला रेणुकानं मामा म्हणायला कशी सुरुवात केली ते. मध्येच ती रडली आणि रडता रडताच सांगत राहिली. चांगुणाबाई थांबवून थांबवून विचारत होत्या. कोणत्या महिन्यात? अंगावर काय होतं? मला का न्हाई सांगितलं?

आत शिवकांता पातेली आवरत होती. तिनं भांड्यांचा आवाज थांबवला आणि दारातून डोकं बाहेर काढलं.

"जरा मोठ्यानं बोला की, ताई. इकडं ऐकू येईना."